घरात नेलं?

कुठल्याही कॉम्प्युटरच्या बटणाला हात लावण्याआधी सेलीन मिस एकच प्रश्न विचारायच्या. "घरात नेलं?"

आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ पहिल्याच दिवशी सांगावा लागे. पडद्यावर दिसतंय ते काम सेव्ह केलं का, एवढंच त्यांना विचारायचं असे. उत्तरही ठरलेलं होतं. "नेलं." ते तोंडाने म्हणावं लागे. मान हलवलेली चालत नसे, हात वर केलेला चालत नसे, "हो हो मिस, करा बंद" हेही चालत नसे. नेलं म्हटलं की त्या बटण दाबायच्या. दाबताना पडद्याकडे बघायच्या नाहीत. तोंड खिडकीकडे असे.

मी एकदा त्यांना म्हटलं, "एवढं विचारता, त्यापेक्षा स्वतः एकदा बघून का घेत नाही?"

"तुमची बातमी उद्या सगळ्यांनी वाचायची आहे ना? मग आज मी कशाला वाचू?" त्या म्हणाल्या. स्क्रू पिळून झाल्यावर पुढे म्हणाल्या, "मी डॉक्टरकडे जाते, वकिलाकडे जाते, पतपेढीत जाते. सगळ्यांचं सगळं पडद्यावर उघडं पडलेलं असतं. मी डोकावायला लागले तर मला आत कोण घेईल? माणूस बोलला, संपलं."

हे दोन हजार तीनच्या आसपासचं. भाईंदर पूर्वेला, एका इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर, आमचं छोटं मराठी दैनिक निघत असे. चार पानं, चार कॉम्प्युटर. मालक आणि संपादक एकच, नाना. टायपिंग आणि पानं लावण्याचं काम शीतलकडे. महापालिका, पोलीस ठाणी आणि उरलेलं सगळं माझ्याकडे. सेलीन मिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी उत्तनजवळच्या डोंगरीहून बसने भाईंदर पश्चिमेला यायच्या आणि पूल ओलांडून आमच्याकडे. वय पंचेचाळीसच्या पुढे. सुती फ्रॉक, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत दोन स्क्रू ड्रायव्हर, एक टॉर्च, रंगाऱ्याचा दीड इंची ब्रश, शाळकरी मुलांचं खोडरबर आणि एक स्टीलचा डबा. डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. डबा उघडला की शीतल नाक दाबायची आणि मग निम्मी चटणी तीच खायची.

त्यांचे वडील उत्तनला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मिस आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचा कोर्स शिकल्या आणि मग कॉम्प्युटरकडे वळल्या. व्हिजिटिंग कार्डावर आडनाव नव्हतं. "सेलीन. कॉम्प्युटर दुरुस्ती व शिकवणी." आडनाव का नाही, असं नानांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आडनावाने कॉम्प्युटर दुरुस्त होतो का?" नाना हसले. नाना सहसा हसत नसत.

गिऱ्हाइकांशी त्या मराठी किंवा हिंदीत बोलायच्या, बेतशीर. खूश झाल्या किंवा चिडल्या की गावची बोली यायची. "हाय" आणि "न्हाय" कानावर पडलं की समजायचं, यातलं काहीतरी झालंय.

स्टेशनजवळच्या एका गाळ्यात त्यांचा क्लास होता. चार मशीनं, आठ-दहा विद्यार्थी, बहुतेक मुली. त्या काळात भाईंदर पूर्वेला दर तिसऱ्या इमारतीत कॉम्प्युटर क्लास होता आणि सगळीकडे पहिल्या दिवशी चित्र काढायला शिकवत. मिसच्या क्लासात पहिला महिनाभर कॉम्प्युटर चालूच करत नसत. चारही मशीनं उघडी, पत्रे काढून ठेवलेले. त्या क्लासवर चौकट लिहायला म्हणून मी एका दुपारी गेलो होतो, तेव्हा नेमकी एका मुलीची आई तक्रार घेऊन आली. आई मारवाडी, भांडायच्या तयारीने आलेली.

"मिस, एक महीना हो गया, मेरी बेटी ने अभी तक चालू भी नहीं किया. क्या सीख रही है?"

तिची बेटी त्या वेळी एका स्टुलावर बसली होती आणि तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधलेली होती.

"ये क्या है?" आईने विचारलं.

"प्रोसेसर," मिस म्हणाल्या. "बैठो आंटी. एक जण कमी होता. आप हार्ड डिस्क."

आंटी का बसल्या ते मला आजही सांगता येणार नाही. मिसच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांच्या हातात एक वही आणि पेन दिलं गेलं. एक मुलगी दारात उभी, ती कीबोर्ड. एक पाटी-पेन्सिल घेऊन मधे, ती रॅम. एक खिडकीत, ती मॉनिटर. दोघींच्या मधे पळणारी एक, ती मदरबोर्डवरची वाट. दारातल्या मुलीने हळूच सांगितलं, पाच आणि तीन. पळणारीने ते नेऊन पाटीवर लिहायला लावलं. मग पाटीवरचा एकेक आकडा डोळे बांधलेल्या मुलीच्या कानात. तिने एवढंच करायचं, दोन आकड्यांची बेरीज. उत्तर परत पाटीवर. पाटीवरून खिडकीत. खिडकीतली ओरडली, "आठ!"

"आता काय झालं?" मिसनी डोळे बांधलेल्या मुलीला विचारलं. "पहिला आकडा कोणता होता?"

"याद नहीं रखना है, मिस. मुझे सिर्फ जोडना है."

"शाबास. ही सगळ्यात हुशार आणि हिला काही आठवत नाही. एका सेकंदात कोट्यवधी वेळा ही एवढंच करते. बाकी काही जादू नाही." मग त्यांनी एकदम टाळी वाजवली. "लाइट गेली!"

पाटीवालीने ओल्या फडक्याने पाटी पुसून टाकली.

"आंटी, तुमच्या वहीत काय आहे?"

आंटींनी वही पाहिली. वही कोरी होती. "किसी ने मुझे कुछ दिया ही नहीं," त्या म्हणाल्या, जरा रागावून.

"तेच तर शिकवतेय," मिस म्हणाल्या. "देना पडता है."

आंटी तासभर बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या जावेच्या मुलीलाही घातलं. मी चौकट लिहिली, तिला नाव दिलं 'डोळे बांधून कॉम्प्युटर'. मिसनी ती कापून गाळ्याच्या भिंतीवर लावली.

त्या 'घरात नेलं' मागची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितली. आजोळ उत्तनचं, किनाऱ्याला लागून. होडी आली की मासळी वाळूवर ओतायची आणि बाया बसून निवडायच्या. बोंबील एकीकडे, मांदेली एकीकडे, कोळंबी एकीकडे. निवडायला वाळूसारखी जागा नाही, सगळं पसरता येतं, सगळं दिसतं, हात लगेच पोचतो. पण भरतीची वेळ ठरलेली. पाणी चढायला लागलं की आजी दारातून ओरडायची, "घरात नेलं का गो?" जे टोपलीत भरून घरात गेलं ते आपलं. वाळूवर राहिलं ते गेलं, कितीही नीट निवडलेलं असो.

"रॅम म्हणजे वाळू," मिस म्हणायच्या. "हार्ड डिस्क म्हणजे घर. घर सावकाश उघडतं, पण ठेवलेलं राहतं. लोकांना वाटतं पडद्यावर दिसलं म्हणजे आहे. पडद्यावर काहीच नसतं. ती खिडकी हाय फक्त."

भाईंदरच्या हवेत मिठागरांचा खार असतो. आमची मशीनं महिन्याआड रुसायची. चालू केलं की तीन लांब बीप आणि पडदा काळा. एका मोठ्या दुकानातल्या माणसाने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. मिसनी बीप ऐकली, पत्रा काढला, रॅमची पट्टी उपटली आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. रबराची काळी भुकटी फुंकून पट्टी परत बसवली. मशीन चालू. "बातमीवाले, लिहा," त्या मला म्हणाल्या. "मदरबोर्ड वारला होता, एक रुपयाच्या रबराने उठून बसला."

मला त्या नेहमी बातमीवाले म्हणायच्या.

दुसऱ्यांदा त्यांनी आम्हाला वाचवलं ते जास्त लाजिरवाण्या प्रसंगातून. एका सकाळी आमचा अंक बाजारात गेला तो एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी या तारखेचा. पहिल्या पानावरची तारीख मशीन स्वतः टाकत असे आणि शीतलने ती रोज तपासायची असे. नानांनी शीतलला उभी केली. "चोवीस वर्षं मागे गेलात तुम्ही! मी तेव्हा कॉलेजात होतो!" शीतल रडायच्या बेतात. तो शुक्रवार होता. मिस आल्या, ऐकलं, मशीन उघडलं आणि आतून रुपयाच्या नाण्याएवढा एक चकचकीत सेल काढून नानांच्या टेबलावर ठेवला.

"हा झोपला, नाना. मशीन बंद असलं तरी हा एकटा जागा राहून वेळ मोजतो. चार वर्षं मोजली. थकला. शीतलने तारीख बघायला हवी होती, ते बरोबर. पण हा बदलायची आठवण मी द्यायला हवी होती. मशीनची जबाबदारी माझी."

नानांनी सेल उचलून पाहिला आणि शीतलला चहा सांगायला पाठवलं. एवढ्यावर मिटलं.

मशीनची जबाबदारी माझी. हे वाक्य त्या सहज म्हणत. बटणावर ज्याचा हात, जबाब त्याचा, असं त्यांचं होतं. मी ते ऐकलं होतं. पुढच्या हकिगतीत याला महत्त्व आहे.

नाना एका शाळेचे विश्वस्त होते. शाळेत कॉम्प्युटरची खोली व्हायची होती, वीस मशीनं. ती खोली चालवायला मिसना द्यावी असं नानांनी ठरवलं होतं आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. मिसना ती खोली हवी होती. त्यांना इतर कशाबद्दल एवढं बोलताना मी ऐकलं नाही. गाळ्याचा मालक गाळा विकायच्या मागे होता. क्लास कधीही बंद पडला असता. पण त्यांच्या बोलण्यात गाळा येत नसे, खोली यायची. कुठल्या भिंतीला किती प्लग, मुलांची पाठ कुठे, उजेड कुठून, सगळं त्यांनी आमच्या न्यूजप्रिंटच्या कपट्यांवर काढलं होतं. आणि मधे एक टेबल. त्यावर एक मशीन, पत्र्याऐवजी काचेचं झाकण असलेलं, चालू.

"पोरांना दिसलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "पंखा फिरतोय, कुठला दिवा लागतोय, सेव्ह केलं की हार्ड डिस्क कशी कुरकुरते. पत्र्याच्या डब्याला सगळे घाबरतात. काचेला कोण घाबरतं?"

आमच्या ऑफिसातल्या एका मशीनचं माप घेऊन त्यांनी काच कापून आणली. कडा घासून, चार भोकं पाडून. ती काच आमच्याच जुन्या अंकात गुंडाळून दारामागे उभी करून ठेवली होती. शाळेची सही झाली की तिथून न्यायची. शीतल दार उघडताना प्रत्येक वेळी ओरडायची, "मिसची काच!"

त्या वर्षी नानांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. दैनिक वडिलांनीच काढलं होतं. वर्षश्राद्धाच्या अंकात नाना त्यांच्यावर पूर्ण पान लिहिणार होते. नाना हाताने लिहीत नसत. येरझाऱ्या घालत सांगायचे आणि समोरच्याने टाइप करायचं. एरवी शीतलला सांगत. या लेखासाठी त्यांनी मला बसवलं. "तू मधे बोलत नाहीस," ते म्हणाले.

सकाळी अकरा ते जवळजवळ दोन नाना बोलले. एकदा थांबले आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी टाइप केलेलं वाचत असल्यासारखं केलं. दोन वाजता "संपलं, जेवून येतो" म्हणून ते खाली गेले. शीतल आधीच जेवायला घरी गेली होती. शुक्रवार होता. मिस कोपऱ्यातल्या मशीनवर काम करत होत्या.

त्या तीन तासांत मी एकदाही सेव्ह केलं नव्हतं. नाना बोलत असताना हात कीबोर्डवरून काढायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

महापालिकेतून फोन आला. एका सभेतला ठराव मागे घेतला जाणार होता, सांगणारा घाईत होता. रिसीव्हर खांद्याने कानाला दाबून मी लिहून घेत होतो. तेवढ्यात माझ्या मशीनच्या मागून घरघर सुरू झाली आणि जळका वास आला. मिस उठून आल्या. मागे वाकून हुंगल्या.

"पॉवर सप्लाय जळतोय. पंखा अडकलाय. आत्ताच्या आत्ता बंद करायला पाहिजे, न्हायतर बोर्ड घेऊन जाईल. घरात नेलं?"

मी मान हलवली.

"बातमीवाले. घरात नेलं?"

"नेलं, नेलं," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.

फोन आणखी दोन मिनिटं चालला. मला खरोखरच सेव्ह केलंय असं वाटलं होतं का, हे मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे. तशी सवलत मला स्वतःला देता येत नाही. मी विचारच केला नव्हता. प्रश्न लवकर संपावा म्हणून उत्तर दिलं होतं.

पॉवर सप्लाय बदलायला पाऊण तास लागला. वीज आत येते ती भलतीच जोराची, मशीनला लागते ती थोडी थोडी, तो डबा ती तोडून वाटून देतो, हे मिसनी काम करता करता मला पुन्हा एकदा सांगितलं. नवा डबा बसला. मशीन चालू झालं. मी फाइल शोधायला लागलो आणि तेव्हा मला कळलं. नाना जिन्यात होते.

पुढचं लांबवत नाही. नानांनी विचारलं, लेख कुठे आहे? मी म्हणालो, मशीन बंद करावं लागलं. नानांनी विचारलं, कोणी बंद केलं?

"मी," मिस म्हणाल्या. "विचारून केलं."

"कोणाला विचारून?"

मिसनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं नाही. क्लासमध्ये एखाद्या मुलीला उत्तर येतंय हे माहीत असताना बघतात तसं, वाट बघत.

मी म्हणालो, "मी फोनवर होतो."

तीन शब्द. तिन्ही खरे. मी खरोखरच फोनवर होतो. या धंद्यात मला सर्वांत आधी शिकवलं गेलं ते हे की खोटं लिहायचं नाही, आणि मी खोटं बोललो नाही. नानांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. बाईंनी फोनवरच्या माणसाला विचारल्यासारखं केलं, उत्तराची वाट पाहिली नाही, बटण दाबलं. ते तसं समजतील हे मला माहीत होतं.

मिसनी "यांनी नेलं म्हणून सांगितलं" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. साक्षीदार नव्हता, पण नानांनी कदाचित मला पुन्हा विचारलं असतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

"बटण मी दाबलं, नाना," त्या म्हणाल्या.

"माझ्या बापाचा लेख होता तो, बाई," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मिस त्या दिवशी शेवटच्या बसपर्यंत थांबल्या. शीतलला बाजूला बसवून त्यांनी हार्ड डिस्क पालथी घातली, तात्पुरत्या फायली, पुसलेल्या फायली, सगळ्या. मधे शीतल म्हणाली, "मिस, तुम्ही तर विचारल्याशिवाय कधी बंद करत नाही हो." मिस म्हणाल्या, "तू शोध." शेवटी त्या नानांकडे गेल्या. "जे घरात गेलंच न्हाय ते घरात सापडत न्हाय, नाना. माफ करा." मी माझ्या टेबलावर ठरावाची बातमी लिहीत होतो. ती मी दर परिच्छेदाला सेव्ह करत होतो आणि प्रत्येक वेळी हार्ड डिस्क कुरकुरलेली ऐकू येत होती.

नाना तो लेख पुन्हा सांगू शकले नाहीत. दोनदा बसले, दोन्ही वेळा पाच-सहा ओळींवर उठले. शेवटी त्या पानावर वडिलांचा फोटो मोठा करून छापला, खाली चार ओळी.

शाळेची खोली एका बाहेरच्या कंपनीला गेली. उद्घाटनाची बातमी नानांनी मला लिहायला सांगितली. मी लिहिली. अकरा ओळी, पाहुण्यांची नावं, मशीनांची संख्या. त्यात एकही चूक नव्हती.

मिस वर्षाचा करार संपेपर्यंत येत राहिल्या. शीतलच्या मशीनपाशी "घरात नेलं?" विचारायच्या, ती "नेलं गं बाई" म्हणायची, त्या खिडकीकडे तोंड करून बटण दाबायच्या. माझ्या मशीनपाशी आल्या की काही विचारायच्या नाहीत. "जरा सरका," म्हणायच्या, माउस स्वतःच्या हातात घ्यायच्या, फाइल सेव्ह करायच्या, बंद करायच्या, पुन्हा उघडून बघायच्या आणि मग मशीन बंद करायच्या. बातमीवाले म्हणणं बंद झालं होतं. माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. चटणी पुढे करायच्या.

मार्चअखेर त्या काच घेऊन गेल्या. जिना अरुंद होता. मी एक कड धरायला पुढे झालो. "राहू दे," त्या म्हणाल्या, "जमतंय."

गाळा विकला गेला, क्लास बंद झाला. मी पुढे मुंबईतल्या एका मोठ्या दैनिकात गेलो. नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. मी दर दिवाळीला त्यांना भेटत असे आणि ते दर वेळी कधी ना कधी त्या लेखावर येत. "त्यात एक वाक्य होतं बघ," ते म्हणायचे, "ते मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवतं?" मला आठवत नव्हतं. टाइप करताना माणूस ऐकत नाही, नुसता उतरवत जातो. ते वारले तेव्हाही त्यांना हेच माहीत होतं की सेलीनबाईंनी न विचारता बटण दाबलं.

नाना जिवंत असतानाच, दोन हजार आठ साली, एका कामासाठी मी उत्तनला गेलो होतो. काम झालं. परतीच्या बसमधून मी डोंगरीला उतरलो, त्याला काम हे कारण नव्हतं. दोघांना विचारल्यावर घर सापडलं. बाहेर पडवी, पडवीत दोन टेबलं, दोन मशीनं, पाच-सहा मुलं जमिनीवर. दुपारचे चार वाजले असतील. एका मशीनला पत्रा नव्हता. काच होती. आतला पंखा फिरत होता, छोटा हिरवा दिवा लागलेला होता, आणि एक मुलगा काचेला नाक लावून बसला होता.

मिसचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या," म्हणाल्या. एका मुलीला पाणी आणायला सांगितलं.

पाणी प्यायच्या आधी मी बोललो. बस चालू असताना मनात वाक्य लावून ठेवलं होतं. "मिस, त्या दिवशी मी नेलं म्हणालो होतो."

"हो," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं व्हतं ना."

पोरं आमच्याकडे बघत होती. मिसनी त्यांना हाताने काम करा अशी खूण केली.

"नानांना सांगितलं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या खिशात परतीचं तिकीट होतं, त्याच्याशी मी चाळा करत राहिलो. तेवढ्यात काच नसलेल्या मशीनवर बसलेली मुलगी म्हणाली, "मिस, हे गरम झालंय." नऊ-दहा वर्षांची असेल. पडद्यावर काहीतरी लांबलचक लिहिलेलं होतं.

मिस उठल्या. मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला.

"घरात नेलं गो?"

"नेलं, मिस."

मिसनी अंगणाकडे तोंड केलं आणि बटण दाबलं.